परमुलखातली ओवाळणी

दुधनीच्या माणसाला परमुलूख पाहायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूरहून आलेली गाडी आमच्या स्टेशनात जराशी टेकते आणि पुढे निघाली की हां हां म्हणता कर्नाटकात शिरते. आमच्या अडत बाजारात तुरीचा सौदा मराठीत होतो की कानडीत, असे कुणी विचारले तर मला सांगता यायचे नाही. एका भाषेत सुरू होतो नि दुसरीत संपतो, एवढे खरे. माझी आई मला कानडीत रागावत असे आणि मराठीत समजूत घालत असे. पण शाळा शिकलो ती मराठी. त्यामुळे गुलबर्ग्याला उतरलो (२०१४ पासून त्याचे कलबुर्गी झाले, आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे) की माझी मोठी मौज होते. आजूबाजूचे सारे बोलणे समजते. दुकानावरच्या पाटीचे एक अक्षर लागत नाही. कानडी बोलतच लहानाचा मोठा झालेला मी तिथे औषधाचे दुकान कोणते, हे एखाद्या पोराला विचारतो. ते पोर माझ्याकडे असे पाहते की मास्तरकीची लाज वाटावी.

बरोबर याच्या उलट अवस्था करणारा एक देश आहे. तिथे मी २०१९ च्या दिवाळीत जाऊन पोचलो. ‘पोचलो’ हाच शब्द खरा. ‘गेलो’ म्हणायला काही बेत लागतो, आणि बेत माझ्याजवळ नव्हता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गावातल्या एका लहानशा खाजगी शाळेत मी खालच्या वर्गांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या आहेत. कादंबरीत मी माणसांना कुठे कुठे पाठवले आहे! स्वतः मात्र पंढरपूर, पुणे आणि एकदा कोल्हापूर यापलीकडे गेलेलो नव्हतो. याचे कारण पैसा नव्हे. मला कुणाकडे काही मागता येत नाही. वाट विचारायची म्हटले तरी जीभ जड होते. हा दोष फार जुना आहे.

गाणगापूर आम्हांला जवळचे. तिथे मधुकरी मागण्याची रीत आहे. भरल्या घरचा माणूससुद्धा तिथे झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो. दत्तमहाराज दुपारी भिक्षेला येतात अशी श्रद्धा, तेव्हा घालणाऱ्याने कुणाला ओळखायचे आणि मागणाऱ्याने कसला मान ठेवायचा? मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी अक्काला नि मला तिथे नेले. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पहिल्याच दारात मी मागे सरलो आणि एका खांबाआड जाऊन उभा राहिलो. काही केल्या पुढे येईना. वडील चिडले. शेवटी अक्का माझी झोळी दुसऱ्या खांद्याला अडकवून पाची घरी फिरली आणि दर दारी म्हणाली, “एक माझी, एक माझ्या तम्माची.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या दिवशी मी जेवलो ते तिच्या मागण्यावर.

हीच अक्का, आणि तिच्याशी मी २०१९ साली बोलणे टाकले होते.

गोष्ट घरोघरची आहे. वडील गेले, मागे चार एकर जमीन राहिली. बहिणीने हक्कसोडीच्या कागदावर सही करायची आणि भावाने तिला साडीचोळी करायची, हा आमच्याकडचा रिवाज. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच धरला आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नव्हे. पण ठाऊक असणे निराळे आणि आपल्या बांधावर ते लागू करणे निराळे. मी स्टँपपेपरावर मजकूर करून घेतला आणि भाच्याच्या हाती गुलबर्ग्याला पाठवून दिला. आठ दिवसांनी तो तसाच परत आला. बरोबर निरोप: “सही करीन की. पण तम्मानं येऊन विचारायचं होतं. पोराच्या हाती कागद पाठवतोय व्हय?”

मला राग आला. विचारायला सांगितले म्हणूनच आला, हे आता कळते. यंदा भाऊबीजेला गुलबर्ग्याला जायचे नाही, असे मी घरात जाहीर केले. बायको म्हणाली, “अहो, तासा-दीड तासाची वाट. आणि अक्कांचं तुमच्याबिगर कोण आहे इथं?” मी उत्तर दिले नाही.

२४ ऑक्टोबरला, गुरुवारी, विधानसभेच्या निकालाचे फटाके वाजत होते. शाळेला सुट्टी लागली होती. “प्रकाशकाकडे जाऊन येतो,” असे सांगून मी पुण्याला गेलो. मानधनाचे दिवाळीनंतर पाहू, असे म्हणून प्रकाशकांनी माझ्या नव्या कादंबरीच्या दोन प्रती हातात ठेवल्या. पिशवीत त्या दोन प्रती, एक धोतर, एक सदरा आणि तो परत आलेला स्टँपपेपर होता. त्याला मी वकिलाला दाखवणार होतो, पण वकीलही दिवाळीला गावी गेलेले. संध्याकाळी स्टेशनावर आलो. घरी जावे तर भाऊबीज तोंडावर आलेली. समोर गोरखपूरची गाडी उभी होती. तिकिटाच्या खिडकीशी मी नेमके काय म्हणालो ते आठवत नाही. हातात जनरलचे तिकीट आले, एवढे खरे.

दिवाळी आणि छठ या दिवसांत उत्तरेकडे जाणारा जनरल डबा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. पुण्याच्या बांधकामांवरचे, कारखान्यांतले सारे मजूर एकाच गाडीने घरी निघालेले असतात. मी दारात एका पायावर उभा होतो. अहमदनगर गेल्यावर वरच्या फळीवरून एक हात खाली आला आणि त्याने माझी पिशवी काढून घेतली. चोरली म्हणून मी ओरडणार, तो दुसरा हात आला आणि त्याने मला वर ओढून घेतले. चौघांच्या जागेत आठवा मी. पुढचा सारा प्रवास त्या माणसांनी मला सत्तू कालवून घातला. मी पैसे काढले की ती हसत. माझ्या मांडीवर डोके ठेवून एक पोरगा रात्रभर झोपला; त्याचे नाव त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

गोरखपूरहून घरी फोन केला. “पुणं म्हणाला होता नव्हं?” एवढेच बायको म्हणाली. स्टेशनाबाहेर ‘सोनौली, सोनौली’ असे ओरडत एक बस निघाली होती. तिथे हद्द आहे, पलीकडे नेपाळ, असे शेजारी म्हणाला. आपल्या माणसाला नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही. सरकारी ओळखपत्र पुरते. माझे मतदानाचे कार्ड सदऱ्याच्या खिशात होते. सोमवारी, २१ तारखेला मतदान केले ते तिथेच राहिले होते. ते घरी कपाटात ठेवले असते तर हा लेख तुम्ही वाचला नसता.

२७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी चालत चालत दुसऱ्या देशात गेलो. पंधरा मिनिटांनी घड्याळ पुढे गेले आणि सत्तावन्न वर्षांनी साल पुढे गेले. बसच्या तिकिटावर २०७६ लिहिलेले, कारण तिथे सरकारी कामकाजही विक्रम संवताने चालते. आणि पाट्या! सगळ्या देवनागरीत. मी लहान मुलासारखा मोठ्याने वाचत सुटलो. ‘पसल’ म्हणजे दुकान, हे दोन-चार पसले ओलांडल्यावर ध्यानात आले. एका पुलावर कसलासा ‘खोला’ असे लिहिलेले पाहून, हा पूल बंद आहे की काय, अशी शंका आली. खोला म्हणजे ओढा. वाचता सगळे येत होते, समजत मात्र काही नव्हते. गुलबर्गा तंतोतंत उलटे झाले होते.

बस पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनची होती. गावाचे नाव गवयाचे, म्हणून मी तीत बसलो. याहून चांगले कारण माझ्याजवळ नव्हते. बुटवल सुटले की सपाटी संपते आणि रस्ता तिनाउ नदीच्या घळीत शिरतो. सिद्धबाबाच्या देवळापाशी डोंगर नेहमी ढासळतो म्हणतात. त्या दिवशीही दगड आले होते. चार तास बस उभी. तानसेनला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि अंगावर थंडीचे कापड नव्हते.

एका लॉजात गेलो. मालकाने पाचशेची नोट उलटून पाहिली आणि परत दिली. “यो यहाँ चल्दैन.” चालत नाही! शंभराहून मोठी भारतीय नोट त्या वेळी नेपाळात चालत नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात तसा हुकूमच निघाला होता. माझ्याजवळच्या शंभराच्या नोटा वाटेत मोडल्या होत्या. उरलेल्या साऱ्या पाचशेच्या. गांधीजी तेच, चष्मा तोच, आणि त्यांना तिथे कुणी ओळखत नव्हते. फोनही मुका झालेला. दारोदार पणत्या, झेंडूच्या माळा, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पिठाची लक्ष्मीची पावले. मुलींचे घोळके गाणी म्हणत घरोघर फिरत होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसलो. कुणाला तरी विचारायला हवे होते. मी विचारले नाही. चाळिशी उलटलेला माणूस पुन्हा त्या खांबाआड जाऊन उभा राहिला होता.

इथे जरा थांबतो. आम्ही सोलापूरकडचे मास्तर मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट हमखास सांगतो. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली आणखी चार डॉक्टरांबरोबर चीनला गेला, लढाईतल्या जखमींची सेवा करत राहिला, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. वय अवघे बत्तीस. गोष्ट संपली की वर्ग गंभीर होतो. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांना तिथं जेवायला कोण घालत होतं?” मी त्याला खाली बसवले. कोटणीसांनी काय दिले हे मला पाठ होते. त्यांनी काय घेतले, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. जमवलेले लुटले गेले, तरी आईबापांना स्नान घालायला गंगेची कावड घेऊन माणूस घरी परतला. त्यांचे ‘माझा प्रवास’ मी तीनदा वाचले आहे. वाचताना तलवारी तेवढ्या लक्षात राहिल्या. इतक्या दिवसांत त्या माणसापुढे पान कुणी कुणी मांडले असेल, याचा हिशेब मी केला नव्हता. पायरीवर बसून तो करत होतो.

“भात खानुभयो?”

समोर एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात पितळेची झारी. ‘भात’ समजले, बाकीचे स्वराने समजले. तिकडे माणूस भेटला की जेवलात का, असे विचारण्याची चालच आहे, हे मला मागाहून कळले. म्हणजे ती कदाचित नुसते ‘नमस्कार’ म्हणाली असेल. मी मात्र खरे उत्तर दिले. नाही म्हणून मान हलवली. आयुष्यात इतके सोपे काम मला इतके अवघड कधी गेले नव्हते.

तिने मला घरी नेले. घरात सासू आणि बारा वर्षांची मुलगी. मुलीला टीव्हीवरचे हिंदी येत होते; तीच आमची दुभाषी. नवरा कतारला होता. तिथे घरटी एक माणूस परदेशी असावा अशी स्थिती आहे. खालच्या खोलीत हातमाग होता. पाल्प्याचे ढाका कापड प्रसिद्ध आहे, टोप्यांचे. दुसऱ्या दिवशी सासूने तो चालवून दाखवला आणि त्या खटखटीने मला एकदम सोलापूरच्या पूर्व भागात नेऊन सोडले. आमच्याकडे चादरी, असे मी हातांनी सांगितले. म्हातारीने माझ्या धोतराचा पोत बोटांत धरून पाहिला आणि नापसंतीने सोडून दिला.

बाईंना मी ‘दिदी’ म्हणू लागलो, त्या मला ‘भाइ’. दिदींचा धाकटा भाऊ बंगलोरला रखवालदार होता. तो चार वर्षांत आला नव्हता. मुलीने हे सांगितले आणि मला आमच्या गल्लीतला गुरखा आठवला. रात्री शिट्टी वाजवत काठी आपटत जातो, एक तारखेला दारात येतो. वीस रुपये. “पुढच्या महिन्यात ये,” असे त्याला मी कितीदा म्हटले असेल! माझ्या झोपेची राखण करणाऱ्या त्या माणसाचे नाव मला माहीत नव्हते. हे मी दिदींना सांगितले नाही.

आपली दिवाळी ती त्यांची तिहार. त्यात कावळ्याचा दिवस असतो, कुत्र्याचा असतो, गाईचा असतो. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा मी तिथे डोळ्यांनी पाहिला. कुत्री त्या दिवशी अगदी मानकऱ्यासारखी चालतात. शेवटचा दिवस भावाचा. भाइटीका.

मंगळवारी सकाळीच मी पिशवी आवरली. सणाच्या दिवशी परक्याने पाय पसरून बसू नये. दिदींनी पिशवी काढून आत नेऊन ठेवली आणि रेडिओ लावला. मुहूर्त रेडिओवर सांगतात, सारा देश त्या घटकेची वाट पाहतो. मुलगी म्हणाली, “मामा नाही आला ना, म्हणून आई तुम्हाला लावणार.”

मला आधी पळून जावेसे वाटले. मग पाटावर बसलो. परवाच्या त्याच झारीने, तिला करुवा म्हणतात, दिदींनी माझ्याभोवती तेलापाण्याची धार धरून फेरे घातले. उंबऱ्यावर दगडाने अक्रोड फोडला. भावावरचे अरिष्ट तसे फुटावे म्हणून. कपाळावर पांढरी रेघ ओढून तिच्यावर एकाखाली एक सात रंगांचे ठिपके दिले. गळ्यात मखमलीच्या जांभळ्या फुलांची माळ घातली. ही फुले वाळली तरी कोमेजत नाहीत. पुढ्यात सेल म्हणून तांदळाच्या पिठाची तळलेली कडी, फळे, मिठाई. हे सगळे करताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि मी डोळे वर करू शकलो नाही. माझ्यासमोर हातात तबक घेऊन दुसरीच कुणी उभी होती.

भावानेही ओवाळणी घालायची असते. मी पाचशेची नोट काढली. मग आठवले, ती तिथे नुसता कागद होती. पिशवीत हात घातला. स्टँपपेपर हाताला लागला, तो बाजूला सारून कादंबरीची एक प्रत काढली आणि तबकात ठेवली. दिदींनी ती उघडली आणि पहिले पान मोठ्याने वाचले. अक्षर देवनागरी, वाचायला अडचण नाही. उच्चार नेपाळी, अर्थ शून्य. माझ्या नायिकेच्या विरहाच्या वर्णनावर म्हातारी, नात नि दिदी अशा हसल्या की डोळ्यांना पाणी आले. माझ्या लेखनाला इतका मोकळा वाचकवर्ग पूर्वी मिळाला नव्हता.

निघताना त्यांनी बसभाड्याला पाचशे नेपाळी रुपये हातात कोंबले. मी नको म्हणू लागलो. “पर्दैन,” असे म्हणून त्यांनी माझी मूठ मिटवली. पर्दैन म्हणजे काही लागत नाही, गरज नाही. परत कसे करू, या प्रश्नालाही तेच उत्तर मिळाले. ते पाचशे आजही माझ्याकडे बाकी आहेत. मार्च २०२० मध्ये साथ आली, हद्द बंद झाली, मग काही ना काही निघत गेले. भाइटीकेला मुलीच्या फोनवर मी दिदींना दिसतो, त्या मला दिसतात. भात खाल्ला, असे मी आता नेपाळीत सांगू शकतो.

सोलापूरला पॅसेंजर धरली. दुधनी आली. आमच्या गल्लीतले एकजण फलाटावरून “मास्तर, उतरा की!” म्हणून ओरडले. मी बसून राहिलो. गाडी हलली.

अक्काने दार उघडले. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. ती काही बोलली नाही. आत गेली, पाट मांडला, निरांजन लावले. ओवाळताना तिचे लक्ष माझ्या गळ्याकडे गेले. जांभळी माळ तशीच होती.

“हे कुणी घातलं?”

मी सांगितले. सगळे सांगितले, पायरीवर बसलो होतो तेही. ती तबक हातात धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मग तिला ओवाळणीत काय घातलास?”

“माझं पुस्तक.”

अक्काने तबक खाली ठेवले. “तीन पुस्तकं लिहिलास तम्मा,” ती म्हणाली, “मला एक कधी दिला नाहीस.”

मी पिशवी ओढली. उरलेली प्रत काढताना घडी घातलेला स्टँपपेपर तिच्यासोबत बाहेर आला आणि पाटाशी पडला. तिने तो उचलला, न उलगडता माझ्या पिशवीत परत घातला, आणि पुस्तक घेऊन उजेडाला गेली. (सातबाऱ्यावर दोघांची नावे पुढच्या माघात लागली, तलाठ्याकडे अर्ज मीच नेला.) चष्मा सापडेना, तेव्हा ते हातभर लांब धरून अक्का पहिले पान वाचू लागली, आणि मी पाटावरून उठायचे की नाही ते न कळून तसाच बसून राहिलो.